आधी कुणाची होती?

आमच्या गावात गाडीला नाव पडतं ते तिच्या आधीच्या मालकावरून. जर्मनीतल्या दातांच्या डॉक्टरनं वापरून टाकलेली ती 'डॉक्टर', हॉलंडच्या शाळेतल्या बाईंची ती 'मास्तरीण'. माझी 'खाटीक'. गाडी गावात शिरली की बाकावरचा म्हातारा पँटेलिमॉन विचारणारच, "आधी कुणाची होती?" अख्ख्या रोमानियाचं मला माहीत नाही, पण आमच्या गावात कोरी गाडी कुणी कधी घेतली नाही. त्यामुळे सरकारनं पेट्रोलच्या कोऱ्या गाड्या विकायला बंदी घातली तेव्हा आम्हाला काहीच वाटलं नाही. जन्मभर उष्टं खाणाऱ्याला ताज्या ताटावर बंदी आली काय, न आली काय.

वाटलं ते एकट्या अग्रिपिनाताईला. ती माझी शेजारीण. अर्धं आयुष्य तिनं इटलीत परक्या म्हाताऱ्यांचं हगणंमुतणं काढलं. अंगावरचे कपडेही मेलेल्या मालकिणींचे. तिला फक्त एकदा त्या बाकासमोर गाडी थांबवून सांगायचं होतं, "कुणाचीच नव्हती. माझी आहे."

"मग विजेची घे ना," मी म्हटलं.

"वारा सुटला की आपली वीज जाते. ढकलायला तू येणार?"

बंदी नव्या वर्षापासून. त्याआधी नोंदणी झालीच पाहिजे. वर्षाच्या शेवटच्या कामाच्या दिवशी आम्ही शहरात लझरच्या शोरूममधून लाल गाडी उचलली. तात्पुरता नंबर, सीटांवर प्लास्टिक. नोंदणीचं ऑफिस समोरच होतं.

"ताई, आधी नंबर घेऊ."

"आशीर्वादाआधी नंबर? डोकं फिरलंय का तुझं?"

"ऑफिस दुपारी बंद होतं."

"मग होऊ दे. बिनआशीर्वादाच्या गाडीला मी पाटी लावणार नाही."

गाडी घेऊन गावी परतलो, तर पाद्रीबाबा डोंगरापलीकडे कुणाच्या तरी दफनानंतरच्या जेवणाला बसले होते. कोबीच्या पानातला खिमा त्यांनी तीनदा वाढून घेतला, मग आले. बॉनेट उघडायला लावलं. सब्जाची जुडी पवित्र पाण्यात बुडवून इंजिनावर शिंपडली, चारी चाकांवर शिंपडली, लांबलचक प्रार्थना म्हटली. ताई रडली. आम्ही परत शहरात पोचलो तेव्हा ऑफिसला कुलूप होतं.

सुट्ट्या संपल्यावर लझरकडे गेलो. त्यानं हातातली कॉफीसुद्धा खाली ठेवली नाही.

"ही आता गाडी नाही, ताई. लोखंड आहे. सुटे भाग करून विकीन. बदल्यात अशीच दुसरी देतो. उरलेल्या सगळ्या मी डिसेंबरातच सासूच्या नावावर चढवल्या. जुन्या विकायला कुठे बंदी आहे?"

"सासू गाडी चालवते?" मी विचारलं.

"तिला चालताही येत नाही."

म्हणजे बघा. हवा स्वच्छ करायला निघालेल्या सरकारनं अंथरुणाला खिळलेल्या एका म्हातारीला जिल्ह्यातली सगळ्यात मोठी गाडीमालकीण केली. आणि जिनं घाम गाळून एक गाडी घेतली, तिला घरी पाठवलं. याला ते कायदा म्हणतात. मी लबाडी म्हणतो, आणि कुणाच्याही तोंडावर म्हणेन.

ताईनं एवढंच विचारलं, "तुझी सासू हिच्यात बसली होती?"

"एकदाही नाही."

"नक्की?"

"ताई, तिला दोघं उचलतात तेव्हा ती खुर्चीत बसते!"

ताईनं ती घेतली. तोच लाल रंग, तेच प्लास्टिक. पाद्रीबाबांनी कागदावरचं नाव वाचलं आणि बॉनेट उघडायला सांगितलंच नाही. म्हणाले, "वापरलेल्या गाडीची प्रार्थना आखूड असते."

बाकापाशी पँटेलिमॉननं काठी आडवी धरली.

"आधी कुणाची होती गं?"

ताईनं काच खाली केली. खोटं बोलली असती तरी कोण कागद तपासणार होतं? पण बॉनेटवरचं पवित्र पाणी अजून वाळलं नव्हतं.

"लझरच्या सासूची."

म्हाताऱ्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली. "सासूबाईनं जपून चालवलीय हां."

"हो," ताई म्हणाली.

संध्याकाळपर्यंत गाडीचं नाव 'सासू' पडलं. ताई दर रविवारी 'सासू'तून चर्चला जाते. सीटांवरचं प्लास्टिक तिनं अजून काढलेलं नाही. प्लास्टिकखालच्या त्या सीटांना आजवर कुणीही टेकलेलं नाही, ताईसुद्धा नाही.