ताईच्या पुस्तकातली चूक

लोकांच्या चुका काढण्यात माझा जन्म गेला. प्रूफरीडर होते मी, आणि माझ्या हातून चूक निसटली असं कोणी म्हणून तर दाखवावं! भल्याभल्या लेखकांना झाडलंय. ‘अहो, तुमचा नायक आधी डावखुरा, आणि आता उजव्या हाताने सही करतोय, एवढंसुद्धा दिसत नाही?’ ते बिचारे म्हणायचे, ‘बाई, आपलंच लिहिलेलं असतं ना, डोळे पुढे पळतात.’ ‘मग लगाम घाला डोळ्यांना!’ मी म्हणायचे.

ताई गेली आणि घर खायला उठलं. दोघी बहिणी आम्ही, दोघीही बिनलग्नाच्या, जन्मभर एका छपराखाली भांडलो. आता भांडायलाही कोणी नाही. म्हणून ताईवर पुस्तक लिहायला घेतलं, तिच्या शिवणाच्या मशीनपासून शेवटच्या आजारापर्यंत सगळं.

छापखान्याचे मालक म्हणाले, ‘बाई, प्रूफं दुसऱ्या कोणाला दाखवू या का?’ मी उसळलेच. माझ्या ताईच्या पुस्तकात परक्याने नाक खुपसायचं? पट्टी धरून ओळ न् ओळ वाचली, पुन्हा पुन्हा वाचली. एकही चूक नको होती मला. ताईसाठी करण्यासारखं आता तेवढंच उरलं होतं.

छपाईच्या आदल्या दुपारी मालकांचा फोन.

‘रागावू नका बाई, पण शेवटच्या प्रकरणाची सुरुवात जरा बघता का?’

कागद काढले, वाचलं. ‘स्वच्छ आहे की.’

‘पुन्हा बघा.’

पुन्हा बघितलं. ‘मालक, उगीच डोकं खाऊ नका हं माझं.’

त्यांनी घसा खाकरला आणि वाचून दाखवलं. ‘हल्ली लवकर अंधारतं. मी दिवा लावते. ताई खिडकी लावून घेते आणि मग आम्ही जेवायला बसतो.’

‘बरं, मग?’

ते हळूच म्हणाले, ‘बाई, ताई तर आधीच्या प्रकरणात गेल्या.’

त्या ओळीवरून किती वेळा पट्टी सरकवली होती! पण मला ताई खिडकी लावताना दिसत होती, म्हणून ओळ बरोबरच वाटत होती. त्या लेखकांना उगाच बोलले मी.

‘राहू दे का?’ मालक म्हणाले. ‘कोणाच्या लक्षातही येणार नाही.’

मलाही तेच हवं होतं, खरं सांगते. जीव तुटत होता. पण तोंडातून निघालं, ‘चूक ती चूक. काढा.’

‘नक्की?’

‘काढा म्हटलं ना!’

पलीकडे कळफलक वाजला.

‘काढलं. वाचू? हल्ली लवकर अंधारतं. मी दिवा लावते. खिडकी लावून घेते आणि जेवायला बसते.’

‘आता बरोबर आहे,’ मी म्हटलं. फोन ठेवला आणि ताई गेल्यापासून पहिल्यांदाच भोकाड पसरून रडले.