कूस बदलणारी गोणी

निरगुडसरच्या हौशीरामला झोप कुठेही लागायची. बांधावर लागायची, ट्रॅक्टरच्या सावलीत लागायची, पारगावच्या कारखान्यासमोर उसाच्या गाड्यांची रांग हलत नसली की स्टिअरिंगवर डोकं टेकून लागायची. त्याची बायको शीला हिचं तसं नव्हतं. मणक्याचं दुखणं मागे लागल्यापासून तिला झोपेची मिनतवारी करावी लागे, आणि त्या कामात सगळ्यात मोठी आडकाठी होती ती शेजारी झोपलेल्या हौशीरामचीच.

माणूस वाईट नव्हता, वजनदार होता. त्याने कूस बदलली की पलंगाचा भूगोल बदलायचा. लग्नातली कापसाची गादी दगड झाली, तेव्हा चाकणला नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलाने, ऋषीने, मोबाईलवरून फोमची गादी मागवली. ती सतरंजीसारखी गुंडाळून आली आणि प्लास्टिक फाडल्यावर कढईतल्या पुरीसारखी टम्म फुगली. बघायला अर्धी आळी लोटली. वर्षभर सुख लागलं. मग हौशीरामच्या अंगाखाली खड्डा पडला, आणि भिंतीकडेला झोपलेली शीला पहाटेपर्यंत घरंगळत त्या खड्ड्यात यायला लागली. मंचरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पाठ सरळ राहील असं झोपा. शीलाने बाहेरच्या खोलीत जमिनीवर गोधडी टाकली. चार दिवसांसाठी म्हणून टाकली, ती तिथेच राहिली.

पाठ थोडी निवळली. पण एक निराळंच नुकसान झालं, आणि ते कुठल्या डॉक्टरला सांगण्यासारखं नव्हतं. हौशीराम दिवसा फारसा बोलायचा नाही. त्याचं तोंड उघडायचं ते पाठ टेकल्यावर. कुणाच्या बोअरला पाणी लागलं, सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोण कुणाच्या अंगावर धावून गेलं, हे सगळं तो अंधारात असा रंगवायचा की शीलाला हसू आवरायचं नाही. आता मध्ये भिंत आली होती. सुरुवातीला तो आतून हाक मारायचा, "झोपलीस का गं?" पुढे तेही थांबलं. भिंतीतून गप्पा होत नाहीत.

शीलाला त्या खोलीत परत जायचं होतं. एवढंच. पण लग्नाला आलेल्या मुलाच्या आईने हे बोलून कसं दाखवायचं? ती म्हणाली, "पाठीसाठी एखादी टिकाऊ गादी बघू या." ट्रॅक्टरचा टायर बदलायला दोन हंगाम लावणारा हौशीराम तिथल्या तिथे म्हणाला, "उद्याच जाऊ." एवढ्या घाईमागचं कारण त्यानेही बोलून दाखवलं नाही.

जायचं कुठे, हा प्रश्न नव्हता. जुन्नरला राजमहंमदचा गादी कारखाना होता. शीलाचं माहेर लेण्याद्रीच्या पायथ्याचं गोळेगाव. राजमहंमदचे वडील तिच्या माहेरच्या अंगणात बसून कापूस पिंजायचे. तिच्या लग्नातली गादी त्यांच्याच हातची. त्या नात्याने शीला त्याची ताई आणि हौशीराम दाजी, आणि दाजींची टर उडवायचा हक्क राजमहंमदने कधी सोडला नव्हता. शिवाय शीलाच्या भावाकडे जागरण-गोंधळ होता. गाडी रिकामी काढणं हौशीरामच्या तत्त्वात बसत नसल्यामुळे पिकअपमध्ये मेहुण्यासाठी कांद्याच्या दोन भरलेल्या गोण्या होत्या.

बाजाराचा दिवस होता. रस्ता माणसांनी फुलला होता आणि राजमहंमदच्या दुकानाचं शटर सताड वर होतं.

"या दाजी, या! खड्डा बरोबर आणलाय का घरीच ठेवलाय?"

"घरीच हाय. त्यात तुजी ताई पडती, म्हणून तर आलोय."

राजमहंमदने आधी दाखवली ती गादी चांगली फूटभर जाड होती. वर रेशमी शिलाईची नक्षी, आणि हात ठेवला की मनगटापर्यंत आत. हौशीरामने मूठ वळून दोन-तीन ठोसे दिले. गादी बघायची त्याची रीत तीच होती.

"लई भारी, राव. लोण्यावानी."

"हायब्रीड आहे. खाली स्प्रिंगा, वर लॅटेक्स. रबराच्या झाडाच्या चिकाचं बनतं ते."

"हायब्रीड म्हणलं की मला भ्या वाटतं. टमाटं दिसायला लालभडक, आन् चवीला पाणी."

शीला गादीभोवती फिरत होती. बोटाने शिवण चाचपत ती एका कोपऱ्याशी थांबली. "दादा, खोळीची चेन उघडा."

"चेन? कशाला, ताई?"

"वरचे कांदे बघून कुणी गोणी घेतं का?"

चेन उघडली. वर बोटभर जाडीचा पांढरा थर होता. त्याखाली वीतभर पिवळा फोम, निरगुडसरला खड्डा पडलेल्या गादीचा सख्खा भाऊ. त्याच्याखाली कुठेतरी स्प्रिंगा.

"हे तर आमच्या घरचंच," शीला म्हणाली. "लॅटेक्सचा नुसता पापुद्रा."

"मी सांगणारच व्हतो, ताई..."

"कवा? गाडीत टाकल्यावर?" हे बोलली राजमहंमदची बायको आमिना. ती गल्ल्याशेजारी बसून उशांचे अभ्रे शिवत होती. "त्यांना मागची दाखवा. साधी दिसती म्हणून तुमी कुणाला दाखवतच न्हाई."

मागची गादी खरंच साधी होती. सुती खोळ, नक्षी नाही, आणि उचलायला दोन माणसं लागली. चेन उघडल्यावर वर चांगला चार बोटं जाड लॅटेक्सचा थर निघाला, बारीक बारीक भोकांचा. हौशीरामने ठोसा मारला. थर दबला आणि हात काढायच्या आत जागेवर आला.

"खरवस हाय हा," हौशीराम खूश झाला.

"पण खरवस बसतो, हा बसत न्हाई. म्हणून तर जड आहे. आणि खाली बघा." राजमहंमदने थर उचलून धरला. खाली स्प्रिंगांच्या ओळी होत्या, प्रत्येक स्प्रिंग आपापल्या कापडी पिशवीत. त्याने एक दाबली. शेजारची जागची हलली नाही. "वाटण्या झालेल्या भावांसारखं, दाजी. एक खाली बसला तरी दुसऱ्याला सोयरसुतक न्हाई."

शीलाने नवऱ्याला कडेवर बसायला लावलं. माणूस पलंगाच्या कडेला बसूनच वहाणा घालतो, आणि घरच्या गादीची कड सगळ्यात आधी गेली होती. ही कड थोडी झुकली आणि थांबली.

"आता झोपून बघा, ताई," राजमहंमद म्हणाला.

शीला पदर सावरून उभी राहिली. समोर भर बाजार. त्यात निम्मं गोळेगाव.

"हे बघतील," ती म्हणाली.

हौशीरामला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. तो आडवा झाला, पोटावर हात घेतले, आणि राजमहंमद पुढचं वाक्य जुळवतोय तोवर घोरायला लागला.

"मिळाली की पसंतीची पावती!" राजमहंमद म्हणाला.

"ह्यांचं काय धरता? हे उसाच्या मोळीवर पण झोपत्यात," शीला म्हणाली आणि नवऱ्याला हलवून उठवलं.

आमिनाने शिवण बाजूला ठेवली. "अहो, शटर निम्मं खाली घ्या. ताई, तुमी या. मी बघते कोण येतंय ते."

शटर खाली आलं आणि शीला गादीवर आडवी झाली. कंबरेखाली जिथे पोकळी राहायची, तिथे कुणीतरी अलगद हात दिल्यासारखं वाटलं. खांदे बुडले, तेही बेतानेच. ती काही वेळ तशीच पडून राहिली.

"पाठीला बरं वाटतंय," ती म्हणाली. "पण..."

"पण काय?" हौशीरामने विचारलं.

शीलाने नवऱ्याकडे बघितलं. आमिनाला मात्र कळलं. "एकट्याला कुठलीबी गादी चांगलीच," असं म्हणत ती सरळ शीलाशेजारी येऊन पडली आणि एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर झाली. "काय कळलं का?"

"भाभी, तुमचं म्हणजे पाखरू बसलं काय न् उडालं काय. ह्यांचं तसं न्हाई."

"मग दाजींनाच झोपवा की शेजारी."

"माहेरच्या बाजारात? नको गं बाई!"

हौशीराम डोकं खाजवत उभा होता. मग त्याची नजर बाहेर पिकअपकडे गेली. "राजमहंमद, गोण्या हायेत की."

आमिनाने गादीवर जुनी चादर पसरली, दोघांनी कांद्याच्या गोण्या आणल्या. हौशीरामचं वजन दोन गोण्यांच्या जवळपास जात होतं, हे त्यानेच मोठ्या मनाने कबूल केलं. कसोटी रीतसर व्हावी म्हणून शीला आधी त्या नक्षीच्या गादीवर पडली. गोण्या शेजारी ठेवताच ती कलंडून त्यांना जाऊन टेकली. राजमहंमदने ती गादी मुकाट्याने भिंतीला लावली.

मग साध्या गादीची पाळी. शीलाने डोळे मिटले.

"आता दाजी कूस बदलतायत हां!" राजमहंमद ओरडला आणि दोघांनी गोण्या पलटी केल्या. धप्प आवाज झाला. शीला जागेवरच होती.

"न्हाई कळत," ती डोळे न उघडता म्हणाली. "गोणी मेल्यासारखी पडती. ह्यांचं वेगळं. आधी कोपर रोवत्यात. मग कंबर उचलत्यात. मग जरा थांबत्यात, वळू का नको असं. मग सगळं अंग एकदम टाकत्यात. आन् वळून झालं की एक सुस्कारा."

शीलाने डोळे उघडले. हौशीराम तिच्याकडेच बघत होता.

"तुला एवढं म्हाईतंय?" तो म्हणाला.

तेवढ्यात शटरखालून एक डोकं आत आलं. भर बाजारात निम्मं शटर ओढलेलं दुकान दिसलं की आत काय चाललंय हे बघितल्याशिवाय पुढे न जाणारी माणसं असतात. लंकाबाई त्यातल्या. शीलाची चुलती, गोळेगावात कुठलीही बातमी यांच्या उंबऱ्यावरून पुढे जायची. त्यांनी भाजीची पिशवी आत ढकलली, मग स्वतः वाकून आल्या, आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"अगं शीले! नवरा उभा, आन् तू कांद्यासंगं झोपलीस व्हय?"

आमिनाला हसता हसता ठसका लागला. लंकाबाईंच्या मागे शटरखालून आणखी दोन-तीन चेहरे डोकावले. एकीने तर खाली बसूनच घेतलं.

शीला उठून बसली. तोंडावर पदर घेतला. आणि मग तिच्या ध्यानात आलं की ज्याची भीती होती ते होऊन गेलंय. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गोळेगावात पोचणार, आणि तिच्यात शीलाच्या शेजारी कांदे असणार. कुणीतरी शेजारी असायचंच, तर नवरा काय वाईट?

तिने पदर खाली घेतला. "अहो, त्या गोण्या काढा," ती म्हणाली. "आन् तुमी या हितं."

आता पाळी हौशीरामची होती. मघाशी भर दुकानात घोरलेला माणूस कानापर्यंत लाल झाला. "आत्ता? काकू हायेत."

"काकूचं काय?" लंकाबाई कडाडल्या. "तुमाला हळद मीच लावलीय, पावणं. झोपा गपगुमान. मला पण बघायचंय, आमच्या म्हाताऱ्यालाबी एक घ्यायचीय."

"झोपा दाजी," राजमहंमद म्हणाला. "गोण्यांनी त्यांचं काम केलं."

हौशीराम गादीवर आला. एक्स-रे काढायला झोपल्यासारखा ताठ, नजर छताला. शीला त्याच्या शेजारी पडली आणि डोळे मिटले. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजत होता, भाजीवाला मेथीच्या जुडीसाठी ओरडत होता. ती वाट बघू लागली. आधी कोपर येईल. मग कंबर. मग ती लाट, जिने तिला कितीदा झोपेतून बाहेर फेकलं होतं. पाठीचे स्नायू सवयीने आवळले गेले.

काही आलं नाही.

"वळा की," ती पुटपुटली.

मग तिने आवाज चढवला.

"वळा म्हणते ना. लाजताय काय एवढे?"

"वळलो की."

"कवा?"

"मगाशीच. दोनदा वळून झालं."

शीलाने डोळे उघडले. त्याचा चेहरा वीतभर अंतरावर होता, गालाखाली हात घेतलेला, तिच्याकडे वळलेला आणि हसरा. तिची पाठ होती तिथेच होती, सरळ. ती एकदम खुदकन हसली, तशी ती बाहेरच्या खोलीत गोधडीवर कधी हसली नव्हती.

आणि पाठ टेकलेल्या हौशीरामचं तोंड उघडलं. दुकान, बाजार, सासुरवाडी, सगळं तो विसरला. "अगं शीले," तो हळू आवाजात म्हणाला, "सकाळी दादाभाऊ भेटला व्हता. त्यानं नवीन म्हैस घेतली ना मंचरला, ती टेम्पोत चढंचना. शेवटी गडी चालत निघाला तिला घिऊन. म्हैस पुढं, दादाभाऊ मागं, आन् त्याच्या मागं टेम्पोवाला, भाडं मागत..."

"आवाज वाढवा की, पावणं," लंकाबाई म्हणाल्या. "आमाला न्हाई ऐकू येत."

"ताई," राजमहंमदने विचारलं, "गादी बांधायला घेऊ का?"

"जरा थांबा, दादा," शीला म्हणाली. ती कुशीवर वळली होती आणि उठायचं नाव घेत नव्हती. "यांचं सांगून होऊ द्या. म्हैस अजून घरी पोचायचीय."