उसवू नकोस, ताई

कात्रीबाई हे नाव हातातल्या कात्रीवरून पडलं की जिभेवरून, यावर गल्लीत दोन तट होते. त्यांच्या शिवणकामाला मात्र नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती. गिऱ्हाइकाला कपडा देण्याआधी त्या तो उलटा करून उजेडात धरत. आतली शिवण जराशी वाकडी दिसली की उसवून पुन्हा शिवत. "वरून काय, सगळेच छान दिसतात," असं त्यांचं म्हणणं.

हाच नियम त्यांनी स्वतःला लावला आणि तिथंच घोळ झाला. प्रभू येशूवर जीव जडून आठ वर्षं होत आली, रविवारची उपासना कधी चुकली नाही. पण बाप्तिस्म्याची तारीख ठरली की बाई कच खाल्ल्याशिवाय राहत नसत. असं चारदा झालं. चर्चच्या पाळकांनी समजावून समजावून हात टेकले. "अहो बाई, पापातून तारण मेहनतीनं मिळवायचं नसतं. प्रभूनं ते मिळवून ठेवलंय. आपण विश्वासानं घ्यायचं."

"मी उलटी करून बघण्यासारखी नाही, साहेब," बाई म्हणत. "आधी आतलं नीट करते, मग येते."

आतलं म्हणजे धाकटी बहीण. बारा वर्षांपूर्वी धाकटीनं एका नवरीच्या पोशाखाचा गळा चुकीचा कापला आणि बाईंनी भरल्या दुकानातून तिला हाकललं. "तुझ्यापेक्षा उंदीर बरा कापतो!" तेव्हापासून बोलणं बंद. माफी मागायला बाई दोनदा तिच्या दारापर्यंत गेल्या आणि दोन्हीदा कडी न वाजवताच परतल्या. माफी नाही तर बाप्तिस्मा नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. आता पाचवी तारीख उद्यावर आली, आणि बाईंनी नकाराचा निरोप तयार ठेवला.

शनिवारी भर दुपारी धाकटीच दुकानात उभी राहिली. हातात पांढरा झगा.

"पाळकांच्या बायकोनं उद्याचं सांगितलं. हा घाल. मी शिवलाय."

बाईंनी सवयीनं झगा उलटा केला. अरे देवा! शिवण झोकांड्या खात चाललेली, एक बाही आखूड, जागोजागी दोरे लोंबताहेत. हात आपोआप कात्रीकडे गेला.

"उसवू नकोस, ताई."

"अगं, पाच मिनिटांत सरळ करते..."

"तू हात लावलास की तो तुझा झाला. हा माझ्याकडून आहे." धाकटीनं कात्री उचलून पाठीमागे लपवली. "आणि तू दारापर्यंत येऊन परत जातेस ना, ते मी खिडकीतून बघते. मी तुला केव्हाच माफ केलंय. तुझ्या शब्दांची वाट बघत बसले असते तर दोघी म्हाताऱ्या झालो असतो."

"पण मी तर अजून काहीच केलं नाही!"

"नाहीच केलंस," धाकटी हसली. "मी केलं. तू फक्त घाल."

बाईंनी झगा छातीशी धरला. आठ वर्षं कानांनी ऐकलेलं आता कुठे आत उतरलं. हिला धड टाका घालता येत नाही, तरी ही न मागता एवढं देते. मग ज्यानं वधस्तंभावर जीव दिला, त्यानं माझ्यासाठी काही अर्धवट ठेवलं असेल का? माझी उलट बाजू त्याला ठाऊक नव्हती थोडीच! बाईंना रडू फुटलं, आणि रडता रडता इतकं हलकं वाटलं की हसूही आलं. "चुकले गं मी," त्या म्हणाल्या. बारा वर्षं अडलेले शब्द सहज बाहेर पडले.

रविवारी सकाळी बाई तो झगा जसाच्या तसा घालून बाप्तिस्म्यासाठी चर्चमधल्या पाण्याच्या टाकीत उतरल्या. पाळकांनी विचारलं, "येशूनं तुमच्यासाठी केलं ते पुरेसं आहे, असा विश्वास आहे?" एरवी बाईंनी पाच 'पण' काढले असते.

"आहे!" त्या इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की मागच्या बाकावर झोपलेलं बाळ दचकून उठलं.

पाण्यातून वर आल्या त्या थेट पायऱ्या चढून पहिल्या रांगेकडे निघाल्या.

"ताई, थांब, थांब, मी कोरडी आहे!" धाकटी ओरडली.

"होतीस," म्हणत बाईंनी तिला घट्ट मिठी मारली.