खिंडीपलीकडचं बाळंतपण

वडिलांच्या चाळिसाव्याला, त्यांना जाऊन चाळीस दिवस झाल्यावरच्या जेवणाला, बुरुल गावी आली, तेव्हा दारातल्या बायकांनी रिवाजाप्रमाणे गळा काढला. ती एकेकीच्या गळ्यात पडली, पण डोळ्यांत टिपूस आलं नाही.

राजधानीत सरकारी आरोग्य विम्याच्या कचेरीत ती मोठ्या हुद्द्यावर होती. देशभर डायलिसिस फुकट करायचं तर पैसा कुठून तरी काढायला हवा होता. जिथं क्वचितच बाळंतपणं होत, ते लहान प्रसूतिकक्ष बंद करावेत, हे तिनंच सुचवलं. त्यात तिच्या गावचाही गेला. आपला तेवढा वाचवला, तर बाकीच्या गावांना कुठल्या तोंडानं सांगणार?

त्या हिवाळ्यात तिच्या धाकट्या भावाची बायको, मीरगुल, खिंडीपलीकडच्या दवाखान्यात जाताना वाटेतच, बर्फात अडकलेल्या गाडीत बाळंत झाली. बाळ गेलं. वडिलांचा फोन आला तेव्हा बुरुल बैठकीत होती. "मुलगी होती," एवढंच ते म्हणाले. ती म्हणाली, "नंतर बोलते." ते बोलणं राहूनच गेलं.

"ये गं, माझ्या शेजारी बस!" चाळिसाव्याच्या पंगतीत कुबातकाकांनी मांसाचा चांगला तुकडा तिच्यापुढे सरकवला. "मशीनवर रक्त धुऊन घेतो नि घरी येतो, खिशातला एक सोमही खर्च होत नाही. नाहीतर तुझ्या बापाबरोबर माझंही चाळिसावं उरकलं असतं. एकच घोडा कापून दोघांच्या जेवणाचं भागलं असतं!"

सगळे हसले. चहा ओतणारी मीरगुलही ओठातल्या ओठात हसली. बुरुल खात राहिली. चव लागत नव्हती.

जेवणं झाल्यावर ती मागच्या अंगणात गेली. मीरगुल पियाले धूत होती.

"मला रागावून काहीतरी बोल, मीरगुल."

"काय बोलू, एजे? काकांना मरा म्हणू?" थोरल्या नणंदेला ती एजे, म्हणजे ताई, म्हणे. तिनं पुसायचं फडकं पुढे केलं. "नुसत्या उभ्या राहू नका."

बुरुल पियाले पुसू लागली.

"मला पुन्हा दिवस गेलेत," मीरगुल म्हणाली.

"दिवस भरत आले की माझ्याकडे राहायला ये."

"आणि गावातल्या बाकीच्या पोटुशा? त्यांनाही घेऊन येऊ? मावतील तुमच्या फ्लॅटात?"

बुरुलनं पुसलेला पियाला बाकीच्यांवर रचून ठेवला. राजधानीत परतल्यावर तिनं खिंडीपलीकडच्या मोठ्या दवाखान्यात, दिवस भरत आलेल्या बायकांना आधीपासून राहता येईल अशा खोल्या मागितल्या. वरिष्ठ वैतागले, "दवाखाना चालवायचा की धर्मशाळा?" ती महिनोन्महिने त्याच शांत आवाजात तेच मागत राहिली. शेवटी एक खोली मिळाली. ओळीनं खाटा.

मीरगुल तिथं राहिली. मुलगा झाला. बुरुल बघायला गेली, तेव्हा शेजारच्या खाटेवरची बाई पोटावर हात ठेवून घोरत होती.

"घ्या की, एजे. चावत नाही तो."

तिनं बाळ घेतलं. हातांना त्याचं वजन जाणवलं. आणखी काही जाणवेल म्हणून ती थोडा वेळ थांबली, मग तिनं बाळ आईकडे दिलं आणि बसायला स्टूल ओढलं.