मीटरवरचा टॉवेल

हौसाबाई लेकाकडे बंगळुरूला जाऊन विमानाने मुंबईला परत आली, तेव्हा सोबत तिच्याकडेच राहणारी लेकीची मुलगी होती, सात वर्षांची इशिता. निघताना लेकाने, नीरजने, दहादा बजावलं होतं, "आये, बाहेर पडलीस की मीटरच्या टॅक्सीची रांग असते. तिथंच उभी राहा. कुणी बोलावलं तरी जायचं नाय."

ती रांगेत उभी राहिलीही. पण तिचं नातीशी भायंदरच्या घराचं बोलणं ऐकून एक तरणा पोरगा जवळ आला आणि थेट तिच्याच बोलीत म्हणाला, "आये, भायंदरला जायाचा हाय ना? चल. मी तिथल्याच गोडदेवचा."

त्या परक्या गर्दीत घरची बोली कानावर पडली आणि म्हातारी विरघळली.

"मीटरनं नेशील ना रं?"

"मंग! आपल्या मानसाशी लबारी करीन का मी?"

तिने रांग सोडली. गाडीत मीटर होता, पण त्यावर मोरपंखी टॉवेल पसरलेला. "ऊन लागतं त्याला," पोरगा हसून म्हणाला. तीही हसली.

हायवेवर, भायंदरच्या अलीकडे काशीमीऱ्याला आल्यावर त्याने तोंडाला येईल तो आकडा सांगितला. हौसाबाईने हात लांब करून टॉवेल उचलला. मीटर टाकलेलाच नव्हता.

"इमानातनं फिरतेस नि पैशाला रडतेस? उतर!"

भर उन्हात, धडधडणाऱ्या ट्रकांच्या कडेला इशिता "बस करा ना" म्हणत असताना त्याने सामान फेकलं, दोघींना उतरवलं आणि गाडी पिटाळली. एक ट्रक इतका जवळून गेला की इशिताची किंकाळीसुद्धा ऐकू आली नाही. तेव्हापासून शाळेची व्हॅन दारात आली की पोर पलंगाखाली लपू लागली. तिला बाहेर ओढताना दर सकाळी हौसाबाईला त्या टॅक्सीवाल्याचं तोंड आठवे. त्याला त्याच्याच माणसांत उघडं पाडायचं, एवढंच तिच्या मनाने घेतलं.

मग लग्नसराई आली. हौसाबाई धवलारीण होती. हळदीला देवाची आणि नवरदेवाची गाणी, म्हणजे धवले, गायला तिलाच बोलावत. तिने ओळ म्हणायची आणि मांडवातल्या बायकांनी तीच मागून म्हणायची, अशी रीत. एकदा लागलेला धवला मध्येच तोडत नाहीत, अपशकुन मानतात.

गोडदेवच्या आनंदीने मुलाच्या हळदीला बोलावलं. मांडवाबाहेर झेंडूच्या माळा घातलेली टॅक्सी उभी होती. इशिताने आजीचा पदर मुठीत धरला. "आजी, तोच टॉवेल."

आत पाटावर नवरदेव बसला होता, साईराज. तोच. त्याने तिला ओळखलं नाही. अशा किती म्हाताऱ्या त्याने उतरवल्या असतील, कुणास ठाऊक!

हौसाबाईने शांतपणे पान तोंडात घातलं, नातीला मांडीशी बसवलं आणि आवाज लावला. आधी गणपती झाला, गावदेवी झाली, कुळाचे देव झाले. साईराज हळदीने नखशिखांत माखला, आता त्याला पाटावरून उठता येणार नव्हतं. मग तिने सूर बदलला.

"गोडदेवचा नवरा, गाडीचा धनी गो,
मीटरवर टॉवेल टाकिला कोनी गो?"

बायकांनी हसत ओळ उचलली. हळदीत नवरदेवाची थट्टा चालायचीच. आनंदीचा आवाज तर सगळ्यांच्या वर होता. साईराजचं हसू मात्र विरलं. तो म्हातारीकडे बघू लागला. मग त्याची नजर तिच्या मांडीशी बसलेल्या पोरीवर गेली.

"म्हातारीला बोलं, तू माझी आय गो,
ट्रकांत उतरविली, लाज त्याला न्हाय गो!"

सवयीने बायकांनी हीही ओळ म्हटली, आणि म्हणता म्हणता त्यांचे आवाज खाली आले. आनंदीने शेवटचा शब्द तोंडातच गिळला. उष्टी हळद न्यायला आलेली नवरीची मावशी वाटी हातात घेऊन तशीच उभी राहिली. "कोनाला उतरविली रं?" तिने विचारलं.

"आये," साईराज हात जोडून पुटपुटला, "बस कर ना."

"हीच पोर बस करा म्हनत होती," हौसाबाई म्हणाली. "तू थांबलास का?"

आनंदी पुढे झाली, पण धवला तोडायचा अपशकुन नको म्हणून मागे सरली.

इशिताने पदर ओढला. "आजी, झालं ना आता?"

हौसाबाईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"थांब बाय. अजून गान्यात काशीमीरा कुठं आलाय?"

आणि तिने पुढची ओळ उचलली.