मरेपर्यंतचा करार

बँकेतल्या मुलीने मारियानचा पगाराचा कागद बघितला आणि मान डोलावली. "पगार उत्तम आहे. पण सुरुवातीला भरायला तुमच्याकडे काय आहे?"

मारियानकडे फारसं काही नव्हतं. रियेका शहरातला जहाजांचा कारखाना बंद पडल्यावर त्याने बरीच वर्षं मिळेल ते काम केलं होतं. आता बंदरातल्या मोठ्या क्रेनवर चांगला पैसा मिळत होता, पण तो उशिरा आला होता आणि आल्याआल्या जुन्या देण्यांत गेला होता. त्याला दुसरं एक घर घ्यायचं होतं, भाड्याने द्यायला. भाडं सुरू झालं की नेवेंकाने हॉटेलच्या धुलाईखान्यातलं काम सोडायचं, असं नवराबायकोचं ठरलं होतं. दिवसभर वाफेत उभं राहून तिचे पाय सुजत. घरी येताना जिन्यात ती मध्येच थांबे आणि कठड्याला धरून उभी राही.

क्रेनवरच्या स्लावकोने वाट दाखवली. "एखादं म्हातारं माणूस बघ. एकटं, पण घर स्वतःचं. मरेपर्यंतचा करार कर. महिन्याला पैसे द्यायचे, हिवाळ्यात लाकडं टाकायची, मेल्यावर नीट पुरायचं. घर तुझं. माझ्या मेव्हण्याने असंच घेतलं. त्याचा म्हातारा दोन हिवाळ्यांत आटोपला."

"आणि नाही आटोपला तर?"

"तर तुझं नशीब फुटकं."

बाजाराच्या वरच्या गल्लीत एक म्हातारी होती. सगळी गल्ली तिला शोरा एर्मिना, म्हणजे एर्मिनाबाई, म्हणायची. नवरा गेला होता, मुलगाही गेला होता. हाडांवर नुसती कातडी. वकिलाच्या कचेरीत करारावर सही करताना तिला खोकल्याची अशी उबळ आली की लेखणी खाली ठेवावी लागली. मारियानने नेवेंकाकडे बघितलं. नेवेंकाने तोंड फिरवलं.

बाहेर आल्यावर म्हातारी म्हणाली, "काळजी करू नकोस रे. मी तुला फार ताटकळत ठेवणार नाही."

पहिल्या महिन्याचे पैसे द्यायला नेवेंका गेली आणि म्हातारीचं स्वयंपाकघर बघून आली. शिळा पाव, कॉफी, बाकी काही नाही. रविवारी तिने पातेलंभर सूप करून नेलं. पुढच्या आठवड्यात दोनदा नेलं. मग रोजच.

"करारात जेवण नाहीये," मारियान म्हणाला.

"नसू दे. माझ्याने बघवत नाही."

वसंत आला तसा म्हातारीच्या गालांवर रंग आला. ती स्वतः बाजारात उतरू लागली, मासेवाल्यांशी भांडू लागली. खोकला गेला. पुढचा हिवाळा तिने काढला, त्याच्या पुढचाही काढला. स्लावको क्रेनखाली उभा राहून हसायचा. "तुझी बायको म्हातारीला शंभरीपर्यंत पोचवणार बघ. सूप बंद कर, नाहीतर मीठ तरी वाढव."

मारियानही हसायचा. पण एका संध्याकाळी त्याने नेवेंकाला विचारलं, "एक दिवसाआड नेलंस तर नाही का चालणार?"

नेवेंका गाजरं सोलत होती. तिचा हात थांबला. "सरळ बोल. ती मरायला हवीय ना तुला?"

"तुला त्या वाफेतून बाहेर काढायचंय मला."

"माझं नाव पुढे करून कुणाच्या मरणाची वाट बघू नकोस. मला ते नको."

तरी त्याने वाट बघायचं सोडलं नाही. लाकडं टाकायला गेला की आधी दाराला कान लावायचा. आतून रेडिओ ऐकू यायचा.

फेब्रुवारीत डोंगरावरून वारा सुटला होता, त्या दिवशी नेवेंका धुलाईखान्यात चादरींच्या ढिगावर कोसळली. इस्पितळात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तिला ठेवायचं कुठे? मारियानच्या माणसांच्या कबरी लांब डोंगरात, बर्फाने रस्ता बंद. शहरात जागा घ्यायची तर हातात पैसा नव्हता. होता तो करारात गेला होता. तो स्वयंपाकघरात नुसता बसून होता, तेव्हा शोरा एर्मिना चार जिने चढून आली. पहिल्यांदाच आली होती.

"कोझालाच्या दफनभूमीत आमच्या घराण्याची कबर आहे," ती म्हणाली. "एक जागा उरलीय. तिला तिथे ठेव."

"ती तुमची जागा आहे."

"माझीच आहे."

"मग तुम्ही?"

"मला पुरायचं तुझ्यावर आहे. करारात लिहिलंय. कुठे, ते लिहिलेलं नाही."

नेवेंकाचं नाव म्हातारीच्या मुलाच्या नावाखाली कोरलं गेलं.

मारियान पैसे देत राहिला. आता सूपही तोच नेऊ लागला. पुढच्या हिवाळ्यात एकदा तो लाकडं घेऊन दारात उभा होता आणि आतून खोकला आला. तोच, सही करतानाचा. याच खोकल्यासाठी तो किती दिवस दाराला कान लावत आला होता. त्याच्या हातातली लाकडं खाली पडली.

"डॉक्टरला बोलावतो," तो आत जाऊन म्हणाला.

"कशाला? घर मिळेल तुला."

"ते जिच्यासाठी हवं होतं ती नाही राहिली."

म्हातारीने त्याने आणलेल्या सूपाचा चमचा तोंडाला लावला आणि खाली ठेवला. "हे काय केलंयस तू? नेवेंका गाजरं आधी तव्यावर काळपट भाजून घ्यायची."

"मला कधी बोलली नाही."

"तू विचारलंस कधी?"

डॉक्टर आला, औषधं देऊन गेला. मारियान रोज येत राहिला, गाजरं भाजू लागला. सूप थोडं सुधारलं. पण म्हातारीला आता दोन घास जात नव्हते. हिवाळा सरायच्या आत ती गेली.

कोझालाला जुन्या भागात जागा नव्हती. भिंतीकडच्या नव्या रांगेत मारियानने तिला पुरलं, उसने पैसे घेऊन. मग घर साफ केलं, रंग दिला आणि विद्यापीठातल्या दोन मुलींना भाड्याने दिलं. पहिलं भाडं हातात आलं. नेवेंकाला धुलाईखान्यात मिळायचं त्याहून थोडं जास्तच होतं.

त्यातून त्याने म्हातारीसाठी दगड घेतला. तो बसवून झाल्यावर मारियान जुन्या भागात गेला. नेवेंका म्हातारीच्या माणसांत होती. म्हातारी तिकडे भिंतीशी, अनोळखी नावांमध्ये. त्याने दोन्हीकडे मेणबत्ती लावली. वाऱ्याने भिंतीकडची विझली. ती पुन्हा लावायला तो परत गेला.