डॅलिट म्हणजे काय

अध्यक्ष महोदय, मी आज या सभागृहात ब्लॅकटाउनच्या बंधुता मंडळाचा

एकच पान आहे. तीन मिनिटांचं भाषण. मसुदा तपासायला यतीनकडेच आला होता, त्यामुळे आमदारबाई काय वाचणार ते त्याला पाठ आहे. खालून दुसऱ्या ओळीत त्याचं नाव. नावाच्या चार ओळी आधी एक शब्द. तो शब्द येईपर्यंत साधारण सव्वादोन मिनिटं.

गौरव करण्यासाठी उभी आहे.

सिडनीच्या पार्लमेंटच्या प्रेक्षक गॅलरीत त्याच्या शेजारी निहारिका, त्याची मुलगी, वय नऊ. तिच्या पलीकडे लताकाकू.

लताकाकू इथे असायला नको होत्या.

त्या हृषिकेशच्या आई. हृषिकेश स्कोफिल्ड्सला यतीनच्या घरापासून दोन घरं सोडून राहतो, यतीनच्याच ऑफिसात आहे. यतीन आणि मिताली दोघंही कामावर, म्हणून रोज तीन वाजता निहारिकाला शाळेतून लताकाकू आणतात. गरम पोळी खायला घालतात, वेणी घालतात, पाढे म्हणून घेतात. चार वर्षं झाली. निहारिका त्यांना आजी म्हणते. घरी आलेलं पार्लमेंटचं पत्र तिनेच त्यांना दाखवलं. बाबाचं नाव घेणार आहेत, आजी, यू हॅव टू कम. काकू पैठणी नेसून आल्या.

काकूंना इथलं इंग्रजी कळत नाही. निहारिका त्यांच्या कानात सांगते.

पंचवीस वर्षांपूर्वी चार विद्यार्थी या शहरात आले

"फोर बॉइज होते. त्यांना रूम कोण देत नव्हतं."

"का गं?"

"वेट, आजी."

आणि त्यांच्याच देशातून आलेल्या लोकांनी त्यांना आडनाव विचारून दारातून परत पाठवलं.

"त्यांचं सरनेम आवडलं नाही," निहारिका म्हणाली. काकूंनी चुकचुक केलं.

यतीन मनात उरलेल्या ओळी मोजत होता.

त्याचं स्वतःचं आडनाव गावावरून पडलेलं. त्यातून काही कळत नाही. सहा वर्षांपूर्वी नवीन घरात सामान लागत होतं तेव्हा काकू चहाचा थर्मास घेऊन आल्या आणि दारातच म्हणाल्या, "आपल्यातलेच ना तुम्ही?" तो हो म्हणाला. आधीच्या घराशेजारी महिनोन्महिने कोणी मराठी नव्हतं. आपल्यातले म्हणजे मराठी, असं त्याला खरंच वाटलं. इतक्या लांब येऊन कोणी ते दुसरं विचारत असेल हे त्या क्षणी सुचलंच नाही. गौरीला काकूंनी मितालीला सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलं तेव्हा त्याला आपण कशाला हो म्हणालो ते कळलं. मितालीने ओटीतला नारळ आणून फ्रिजवर ठेवला आणि दोघं त्याच्याकडे बघत बसली. तेव्हा सांगायला हवं होतं. पुढच्या वर्षी सांगायला हवं होतं. तिसऱ्या वर्षी निहारिका त्यांच्या घरी जेवायला लागली, आणि मग सांगण्यासारखं काही

भारतातील डॅलिट समाजातून आलेल्या या तरुणांनी

आला.

आला आणि ओळखूच आला नाही. द चा ड, आणि सगळा जोर पहिल्या अक्षरावर. औषधाच्या गोळीचं नाव वाटावं तसा.

"काय म्हणाल्या?"

"डॅलिट."

"डॅलिट म्हणजे काय?"

"डोन्ट नो. बाबा, व्हॉट्स डॅलिट?"

कडेला उभ्या असलेल्या माणसाने ओठांवर बोट ठेवलं. यतीननेही ठेवलं. वाचलो, असं त्याला वाटलं, आणि तसं वाटल्यावर समोरच्या रांगेतल्या विश्रामकाकांच्या पाठीकडे बघवेना. त्या चौघांपैकी एक विश्रामकाका. सिडनीत उतरल्यावर पहिले पाच आठवडे यतीन त्यांच्या घरी झोपला होता. गेल्या आठवड्यात त्याने त्यांना फोन करून भाषणातून माझं नाव काढून टाका म्हणून सांगितलं. काका शांतपणे म्हणाले होते, "काढतो की. मग काय लिहू, अज्ञात इसम?"

नव्या विद्यार्थ्यांसाठी हेल्पलाइन सुरू करणारे श्री. यॅटिन

निहारिकाने त्याचा दंड गच्च धरला. लताकाकूंनी तिच्यावरून हात लांब करून त्याची पाठ थोपटली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या पाण्याची त्याला जास्त भीती वाटली.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मंडळाची माणसं फोटोसाठी उभी राहत होती. विश्रामकाका कोणी पुढे, कोणी मागे ते सांगत होते. निहारिका विसरली नव्हती.

"बाबा, यू डिडन्ट आन्सर."

"हो रे, सांग की," काकू म्हणाल्या. "मला आपलं वाटलं एखाद्या गावाचं नाव असेल."

हो म्हणता आलं असतं. गावाचं नाव आहे, नगरकडे कुठेतरी. काकूंनी ते मानलं असतं आणि उद्या तीन वाजता सगळं कालच्यासारखं असतं. यतीनने तोंड उघडलं.

"दलित," तो म्हणाला. "त्यांना नीट म्हणता आलं नाही. दलित, काकू. म्हणजे आम्ही. मी, मिताली, ही."

काकूंचा चेहरा तोच होता, फक्त त्यावर काहीच चाललेलं नव्हतं.

"आजी पण?" निहारिकाने विचारलं.

"नाही," यतीन म्हणाला.

काकूंनी पदर खांद्यावर सारखा केला. सारखाच होता. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हृषिकेशला माहितीये?"

"नाही."

"एवढ्यात नको सांगूस."

कोणासाठी, हे त्याने विचारलं नाही. फोटोवाल्याने हात करून सगळ्यांना जवळ या म्हटलं. काकूंनी निहारिकाला पुढे ढकललं, तू जा, मी इथे बरी आहे म्हणाल्या आणि भिंतीकडे सरकल्या. यतीन निम्म्यातून मागे वळला. विचारायचं ते आत्ताच, नाहीतर रात्रभर

"काकू, उद्या तीन वाजता निहारिकाला..."

"बघू," काकू म्हणाल्या.